रॉकेलची रांग आणि राजाराणीचा संसार

डोंबिवलीच्या पुढे गाडी निघाली की रुळांच्या दोन्ही बाजूंना नव्या गृहसंकुलांचे फलक सुरू होतात. वन बीएचके, मॉड्युलर किचन आणि खिडकीशी बसलेलं हसरं जोडपं. सांगायचं असतं ते एकच: दोघांनी कर्ज काढा, दोघं राहा, कामाचं यंत्रं बघून घेतील. लग्नाच्या बैठकीतही हाच सूर लागतो. मुलगा वेगळा राहतो असं कळलं की मुलीकडच्यांचे चेहरे खुलतात. "राजाराणीचा संसार. दोन माणसांचं करायचं ते काय असतं?"

या वाक्याचा मला मनापासून राग येतो. दोघांच्या घराची कल्पना मराठी समाजाने दीडशे वर्षं खपून घडवली. तिच्यासाठी कितीकांनी घरच्यांची बोलणी खाल्ली, आप्तांचा रोष पत्करला. ती कल्पना आता डोकी मोजण्यावर आणून ठेवली आहे. घरात दोनच माणसं राहतात एवढ्यावरून ते घर दोघांचं होत नाही.

या कल्पनेचा पूर्वार्ध आपल्याला पाठ आहे. रात्री नवऱ्याकडून धडे आणि दिवसा घरातल्या बायकांचे टोमणे, हे रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहून ठेवलं. नवऱ्याशी बरोबरीने भांडताही येतं आणि त्याच्यावर जीवही लावता येतो, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'नी दाखवलं. र. धों. कर्व्यांनी १९२७पासून 'समाजस्वास्थ्य'मधून मूल हवं की नको याचा निर्णय बाईच्या हाती द्यायला सांगितलं. शिक्षण, सोबत, संततिनियमन. यांवर आज सभ्य माणूस वाद घालत नाही. मात्र पाणी कोणी भरायचं, खरकटं कोणी काढायचं, हा प्रश्न या थोर वादांच्या मध्यभागी कधी आला नाही.

तो आला उपनगरांत, आणि त्याच टप्प्याबद्दल आपण स्वतःला चुकीची गोष्ट सांगत आलो आहोत.

गोष्ट अशी सांगतात. १९२५ साली विजेवरची लोकल धावली, पुढे १९६०चा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३चा मालकीच्या सदनिकांचा कायदा आला आणि गिरगाव-परळच्या चाळींतली कुटुंबं मुलुंड, ठाणे, डोंबिवली, बोरिवलीला ब्लॉकमध्ये राहायला गेली. सासू मागे राहिली, सून मोकळी झाली. मग गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला, बाईचे कष्ट कमी झाले आणि ती नोकरीला लागली. म्हणजे बाईला सोडवलं ते वेगळ्या बिऱ्हाडाने आणि यंत्रांनी.

ही गोष्ट निम्मी खरी आहे. सासुरवासाचं ओझं उतरलं, त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण कामाचा हिशेब मांडायचा तर जुन्या घरात पुरुषाच्या वाट्याला काय होतं ते आधी बघावं लागेल. लाकडं फोडणं, कोळशाचं पोतं आणणं. रेशनच्या दुकानापुढे उभं राहणं. रॉकेलचा डबा घेऊन पहाटे नंबर लावणं. दळणाचा डबा गिरणीत नेणं आणि पीठ गरम असतानाच घरी आणणं. विजेचं बिल खिडकीवर भरणं. नळाला पाणी रात्री येणार असेल तर उठून पिंपं भरणं. सगळ्याच घरांत ही कामं पुरुष करत असे म्हणणं खोटं ठरेल. बायका आणि मुलंही त्या रांगांत होती. पण ही कामं पुरुषाने करण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. बरोबरीच्या तत्त्वाशी त्यांचा संबंध नव्हता. ती जड होती, बाहेरची होती आणि केल्याशिवाय चूल पेटत नव्हती.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं. घरातली साधनं सुधारत गेली तेव्हा आधी कोणाचं काम गेलं, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असं की पुरुषांचं आणि मुलांचं. लोखंडी शेगडीला लाकूड कमी लागू लागलं, पण लाकूड फोडत होता पुरुष. तिच्यावर रांधणारी बाई जिथल्या तिथे. उलट एका भांड्यातला रस्सा जाऊन ताटात चार पदार्थ आले, ते करायचे तिनेच. जोअॅन वॅनेक यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या नोकरी न करणाऱ्या गृहिणींच्या वेळेचा हिशेब प्रसिद्ध केला. १९२०च्या दशकात त्या घरकामाला आठवड्याला सुमारे ५२ तास देत होत्या; घर यंत्रांनी भरल्यावर, १९६०च्या दशकात, सुमारे ५५.

हे वाचताना मला अमेरिका दिसत नाही, डोंबिवली दिसते. सिलिंडर दाराशी येऊ लागला आणि रॉकेलची रांग संपली. आट्याची पिशवी आली, गिरणी सुटली. गच्चीवर टाकी बसली आणि रात्री उठणं थांबलं. बिलं फोनवरून भरली जाऊ लागली. या एकेका सुधारणेत पुरुषाचं एकेक काम वजा झालं. पोळ्या मात्र रोज लाटायच्याच राहिल्या. कुकरने वरण-भाताची वेळ वाचवली, पण म्हणून सकाळी सातच्या आत तीन डबे भरणं शक्य झालं, आणि जे शक्य झालं ते कर्तव्य झालं. वॉशिंग मशीनने हात वाचवले, मग दोन दिवस वापरायचे कपडे रोज धुवायला पडू लागले. वाळत घालणं, घड्या, इस्त्री यांना यंत्र नव्हतंच. घरातल्या सोयींनी सुटका झाली ती मुख्यतः पुरुषाची, आणि आपण तिचं श्रेय बाईच्या मुक्तीला देऊन बसलो.

आणखी एक गोष्ट या टप्प्यात घडली. चाळीत काम उघड्यावर होतं. नळावर कोण उभं, पापड कोण वाळवतंय, कोणाचं पाणी संपलंय, हे गॅलरीला कळत होतं. ब्लॉकचं दार बंद झालं आणि काम दिसेनासं झालं. म्हणूनच १९७२ सालचं महागाईविरोधी आंदोलन मला फार महत्त्वाचं वाटतं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, ते या बंद दाराआडचं काम शहरापुढे मांडण्यासाठीही होतं. गोरेगावात पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणालताईंना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटलं. पाणी, तेल, साखर, रॉकेल हे राजकारणाचे विषय झाले. दुर्दैव असं की सरकारला विचारलेला तो जाब घरातल्या माणसाला विचारायचा राहून गेला.

२०१९च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया बिनपगारी घरकाम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के. ज्या स्त्रियांनी ते केलं त्यांनी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं दिली, पुरुषांनी ९७. या मोजणीत बाजारहाट आणि घरातली दुरुस्तीही धरलेली आहे. म्हणजे पुरुषांची म्हणून मानली जाणारी कामं मिळवूनही चारातले तीन पुरुष त्यात नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की तो प्रवासाने दमतो. त्याच गाडीत बाईही असते. पश्चिम रेल्वेने १९९२ साली बायकांसाठी स्वतंत्र लोकल सुरू केली. संध्याकाळच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात, आणि या दृश्याचं आपल्याकडे भारी कौतुक होतं. मला ते कौतुक बघवत नाही. शेजारच्या पुरुषांच्या डब्यात टाळ वाजत असतात, पत्त्यांचा डाव रंगलेला असतो. त्या विरंगुळ्यावर त्यांचा हक्क आहेच. तेवढाच हक्क भाजी निवडणाऱ्या बाईचाही आहे, तिच्या चिकाटीचे फोटो छापून तो तिला मिळत नाही. ज्या घरांना परवडतं तिथे हे काम दुसऱ्या बाईकडे जातं, आणि ती चार घरची भांडी घासून आपल्या घरी जाऊन पुन्हा तेच करते. नवराबायकोतला तंटा त्याने मिटतो, वाटणी होत नाही.

मग दोघांचं घर कशाने होतं? माझं उत्तर गणपतीच्या मखरात आहे. ज्या पुरुषाला घरातली तूरडाळ संपल्याचं कळत नाही, त्याच्या डोक्यात आरास महिनाभर आधीपासून असते. थर्माकोलवर बंदी आल्यावर त्याने पुठ्ठा, कापड, बांबूच्या कामट्या यांचा शोध घेतला. दिव्यांची माळ किती फूट लागेल, दादरला कोणत्या गल्लीत काय मिळतं, कोणत्या रात्री जागायचं, हे त्याला कोणी आठवण करून देत नाही. लक्षात ठेवणं, आखणं, सामान आणणं आणि शेवटपर्यंत नेणं त्याला उत्तम जमतं. त्याच रात्री आत मोदकांच्या सारणाची, पाहुण्यांच्या चहाची, आरतीच्या तबकाची यादी दुसरं डोकं सांभाळत असतं. तिथे तो शिरलाच तर विचारतो, "काही मदत करू का?" या प्रश्नातच घर तिचं आणि तो पाहुणा, हे ठरून जातं. सांगणं, समजावणं आणि झालं का ते बघणं हे तिच्याचकडे उरतं, आणि घरकामातला सर्वांत थकवणारा भाग तोच आहे.

मखराला जी निष्ठा मिळते ती कपड्यांना मिळालेली मी पाहिली आहे. बदलापूरच्या एका घरात कपडे पूर्ण त्याच्याकडे आहेत. पावडर कधी संपते, मुलीचा पीटीचा गणवेश कोणत्या दिवशी लागतो, पावसाळ्यात दोरी कुठे बांधायची, सुटलेलं बटण कोणी लावायचं, यातलं काहीही ती विचारत नाही आणि तिला काही विचारलं जात नाही. बाल्कनीतल्या कुंड्या तिच्याकडे आहेत, माती आणण्यापासून कीड पडल्यावर काय फवारायचं इथपर्यंत. न्हाणीघराची गळती काढायचं काम त्यांनी मिळून अंगावर घेतलं, तेव्हा कारागिराला फोन कोण करणार, रजा कोण टाकणार आणि पैसे कशातून जाणार, हे त्यांनी आधी बसून ठरवलं. भिंत कोरडी व्हायला एक पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात दोघंही वैतागले आणि दोघंही ओली भिंत हात लावून बघत होते.

बायकाच स्वयंपाकघर सोडत नाहीत, त्याने चिरलेली भाजी त्यांना जाडी वाटते, अशी तक्रार पुरुष करतात. तिच्यात तथ्य आहे. ओट्यावरची सत्ता ही कित्येक बायकांना घरात मिळालेली एकुलती एक सत्ता होती. ती हातातून सुटताना जीव तुटणारच. पण जाडी चिरलेली भाजीही शिजते. पहिले काही महिने ती तशीच खावी लागेल, मुलांनीही खावी, आणि नवऱ्याच्या आईने भेटायला आल्यावर त्यावर काही बोलू नये. चिरणाऱ्यानेही कौतुकाची वाट न बघता दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडून आज काय आहे ते स्वतःच बघावं.