विश्रांतीचा वाटा

भारतीय परंपरेने मानवी आयुष्याचे ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ आणि संन्यास असे चार आश्रम मानले आहेत. त्यांपैकी गृहस्थाश्रमाला धर्मशास्त्रांनी इतर तिन्ही आश्रमांचा आधार म्हटले आहे. विद्यार्थी, यती, अतिथी या सर्वांच्या मुखी अन्न पडते ते गृहस्थाच्या चुलीवरून. म्हणूनच घर हे धर्माचरणाचे पहिले क्षेत्र होय. घरातील कर्तव्ये, संस्कार, सणवार आणि व्रते यांविषयी पुष्कळ सांगितले व लिहिले जाते. घरातील विश्रांतीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. सुट्टीचा दिवस कुटुंबासमवेत निवांत घालविणे हा आळस मानावा की धर्म? आणि त्या विश्रांतीवर घरातील कोणाकोणाचा हक्क आहे? प्रश्न साधे वाटतात, परंतु घराची नीती त्यांच्या उत्तरांवरच उभी असते.

देवालाही शीण येतो

विश्रांतीला कमी लेखण्याची आपली परंपरा नाही. देवालयांत रात्री शेजारती होते आणि देव निद्रिस्त होतात. पंढरपुरी आषाढी व कार्तिकी यात्रेच्या काळात श्रीविठ्ठलाचा पलंग काढला जातो. भक्तांना अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून देव त्या दिवसांत झोपत नाहीत, अशी भावना आहे. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, उष्णोदकाने स्नान घालतात आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवितात. ज्याने श्रम केले त्याचा शीण ओळखावा आणि तो आपल्या हातांनी उतरवावा, असा या उपचाराचा भाव आहे.

हाच भाव शेतकऱ्याच्या अंगणातही दिसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळली जाते. पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याला भरवितात. मुक्या जनावराच्या विश्रांतीचा ज्यांनी सण केला, त्यांना विश्रांतीचे मोल निराळे सांगावयास नको.

रविवार कसा मिळाला

आज निवांत मानला जाणारा रविवारही सहजासहजी मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारून ही मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि अनेक घरांत शनिवारही मोकळा झाला.

रविवार मिळावा म्हणून स्त्रियाही बोलल्या, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण तो रविवार घराचा उंबरठा ओलांडून आत आला, तेव्हा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही.

एका घरातील दोन रविवार

सुट्टीच्या दिवशी घर उशिरा जागे होते. वर्तमानपत्र निवांत उलगडले जाते, दुसऱ्या चहाची फर्माईश होते, मुले दूरचित्रवाणीसमोर बसतात. रोजच्या पोह्यांऐवजी आज थालीपीठ हवे असते. दुपारच्या जेवणाला पाहुणे यावयाचे असतात. आठवडाभर साठलेले कपडे, कोपऱ्यांतील जळमटे, संपत आलेले दळण, सारे याच दिवसाची वाट पाहत असते. जेवणे उरकून मंडळी वामकुक्षी घेतात, तेव्हा एक व्यक्ती ओटा पुसत असते. ती व्यक्ती बहुधा गृहिणी असते. ती नोकरी करणारी असली, तर तिचेही कार्यालय शनिवारी सुटलेले असते, पण स्वयंपाकघराला सुट्टी नसते. घरकामाला येणाऱ्या बाईंचीही तीच गत. पाहुण्यांच्या रविवारी त्यांच्या वाट्याची भांडी वाढतात.

हा केवळ भावनेचा विषय नाही. केंद्र शासनाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसून आले की, घरचे बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. स्त्रीचे पाच तास आणि पुरुषाचा दीड तास, असा हा हिशेब आहे.

प्रेम आणि वेठ

यावर असे म्हटले जाते की, आपल्या माणसांना आपल्या हातचे करून वाढण्यात गृहिणीला आनंद असतो. हे पुष्कळदा खरेही असते आणि त्या आनंदाचा अनादर कोणी करू नये. परंतु प्रेमाने केलेले काम आणि वेठ यांतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. "आज माझ्याने होत नाही," असे तिने एखाद्या रविवारी म्हटले, तर घरात काय घडते? कोणी निमूटपणे उठून कुकर लावीत असेल, तर इतर दिवशी ती जे करते ते प्रेम होय. चेहरे उतरत असतील, तर इतके दिवस ज्याला प्रेम म्हटले ती वेठ होती.

दुसरा आक्षेप असा की, घरचा पुरुष आठवडाभर बाहेर राबतो, त्याने एक दिवस विसावू नये काय? अवश्य विसावावे. त्याची विश्रांती त्याने श्रमाने मिळविलेली आहे. परंतु तिचीही विश्रांती तिने श्रमानेच मिळविलेली आहे, आणि एकाचा हक्क दुसऱ्याच्या हक्काने फिटत नाही.

घरकाम पुरुषाला शोभत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी संतचरित्रे आठवावीत. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईसोबत विठ्ठल जात्यावर दळावयास बसला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे पाणी भरले, असे परंपरा सांगते. दळण आणि पाणी ही घरातील सर्वांत कष्टाची आणि सर्वांत कमी प्रतिष्ठेची कामे. संतपरंपरेने देवाच्या हाती नेमकी तीच दिली. जे काम देवाला हलके वाटले नाही, ते घरच्या कर्त्या पुरुषाला हलके का वाटावे?

वाटणी

वाटणीचा आरंभ लहानशा गोष्टींनी होतो. आजोबांनी वर्तमानपत्र वाचता वाचता मटार सोलावेत. मुलांनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात. ज्याने त्याने आपले ताट उचलून घासावे. सर्वांची पंगत उठल्यावर एकटीने जेवण्याची वेळ कोणावरही येऊ नये. घरकामाच्या बाईंना आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी असावी. आरंभीचे काही रविवार पोळीचा नकाशा होईल, ओट्यावर पीठ सांडेल. अशा वेळी "त्यापेक्षा मीच केलेले बरे," असे म्हणण्याचा मोह गृहिणीनेही आवरावा. काम सोडून देणे हेही शिकावे लागते. मुलगा घरात काय शिकतो, ते उपदेशावरून ठरत नाही. वडील जेवून उठताना ताट उचलतात की नाही, हे तो रोज पाहत असतो.

असे झाले की दुपारी घरातील सारी माणसे एकाच वेळी मोकळी होतात. गप्पा रंगतात, आजी एखादी जुनी हकीकत सांगते, पत्त्यांचा डाव पडतो आणि सांजवेळी देवापुढे दिवा लागतो, तेव्हा कोणीही दमलेले नसते. कुटुंबाचा निवांतपणा तो हाच. एकाच्या जागरणावर इतरांनी घेतलेल्या झोपेला ते नाव देता येत नाही.

तीर्थयात्रेहून भाविक घरी परततात तेव्हा सर्वच थकलेले असतात. पिशव्या दारात टेकतात आणि मंडळी पंख्याखाली बसतात. अशा वेळी भाताचा कुकर कोण लावतो, मळलेले कपडे कोण भिजवतो, पाण्याचा पहिला पेला कोण कोणाला देतो, हे प्रत्येकाने एकदा पाहावे. घरी नेलेला प्रसाद लहानथोर सर्वांना सारखा वाटला जातो. विश्रांतीही तशीच वाटली जावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.