संवाहकाचे हात

आपल्या घरांतून 'धरसोड' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, त्या सुरातच निवाडा दडलेला असतो. एखाद्याने तीन व्यवसाय केले, चौथ्यात आहे आणि फावल्या वेळी चित्रे काढतो, एवढे कळले की ऐकणाऱ्याची मान किंचित हलते आणि त्या घरी मुलगी द्यायची नाही हे ठरून जाते. होळकर, शिंदे, गायकवाड वा निजाम यांच्या राज्यांत चाकरीनिमित्त देश सोडून आलेल्या आपल्या पूर्वजांना स्थिर नोकरी हा केवळ पोटाचा प्रश्न नव्हता. परमुलखात पत टिकविण्याचे ते साधन होते. एका कचेरीत लागावे, तेथेच केस पिकवावेत आणि पेन्शनीत निघावे, या क्रमालाच आपण चारित्र्य मानत आलो. संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन झाली; ही समजूत मात्र विलीन झाली नाही.

माणसाचा मार्ग सरळ असणे हा नैतिक गुण आहे काय, आणि ज्याचा मार्ग वळणावळणांचा झाला त्याने काही गमावले असेल तर ते नेमके काय, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. त्याला निमित्त झाले आहेत इंदुरातले माझ्या परिचयाचे एक गृहस्थ. वय पंचावन्नच्या आसपास. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. ती मिल १९९१ साली बंद पडली. मुलगा त्याआधीच एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाचे फलक रंगवू लागला होता. अक्षर वळणदार, चेहरा हुबेहूब. पंधरा वर्षे बरी गेली. मग फ्लेक्सची छपाई आली आणि दोन-चार वर्षांत कुंचल्याचे ते काम बाजारातून नाहीसे झाले. काही दिवस औषधांच्या दुकानात काढून हे गृहस्थ एका निसर्गोपचार केंद्रात मातीच्या पट्ट्या बांधणारा मदतनीस म्हणून लागले. तेथे केरळातून आलेल्या एका वृद्ध मालिशकाराने त्यांचा अंगठा धरून तो कोठे आणि किती दाबायचा हे तीन वर्षे शिकविले. आज वीस वर्षे ते घरोघर जाऊन अर्धांगवायूचे रुग्ण, आखडलेले खांदे, म्हातारपणाने धरलेल्या कंबरा यांची सेवा करीत आहेत. रात्री चित्रे काढतात, जुन्या पुठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर, पोस्टरच्या रंगांत. बहुतेक चित्रांत पाठमोरी माणसे असतात.

एका आजींनी मालिश करून घेताना त्यांना माझ्यादेखत विचारले, "अहो, देवाने एवढा हात दिला आहे, मग रात्री जागून ती चित्रं कशाला काढता?" ते म्हणाले, "आजी, दिवसा आमचं काम डोळे मिटून चालतं. रात्री डोळे उघडून बघतो, दिवसभर हाताखाली काय होतं ते."

या उत्तराने मला 'मृच्छकटिका'तल्या संवाहकाची आठवण झाली. आपल्यापैकी अनेकांनी हे नाटक देवलांच्या संगीत अवतारात पाहिले आहे, आणि पाहणाऱ्यांच्या मनात चारुदत्त, वसंतसेना आणि शकार राहतात. संवाहक सहसा विसरला जातो. वस्तुतः शूद्रकाच्या त्या गजबजलेल्या नाटकात त्याच्याइतका वळणाचा प्रवास दुसऱ्या कोणाचाच नाही. हा पाटलिपुत्राचा, चांगल्या गृहस्थाचा मुलगा. देश पाहावा या हौसेने तो आमच्या माळव्यात उज्जयिनीला येतो आणि चारुदत्ताकडे अंग चेपण्याच्या कामावर राहतो. धन्याला दारिद्र्य येते तेव्हा हा बेकार होतो, जुगारात पडतो, दहा सुवर्णनाणी हरतो आणि जुगारअड्ड्याच्या चालकाला चुकवीत रस्त्यारस्त्यांतून पळतो. वसंतसेना आपले कंकण देऊन त्याला सोडविते. त्याच क्षणी तो संसाराला विटून बौद्ध भिक्षू होतो. आपल्या आजच्या भाषेत सांगायचे तर, चार 'लाइनी' बदललेला माणूस.

वसंतसेना त्याला त्याचा व्यवसाय विचारते तो प्रसंग मला नाटकातल्या मोठ्या प्रसंगांहून अधिक खोल वाटतो. तो म्हणतो, मी संवाहक. ती त्या कलेच्या नाजूकपणाची वाखाणणी करते. त्यावर तो खिन्नपणे सांगतो की शिकलो तेव्हा ती कला होती, आता तेच पोटाचे साधन झाले आहे. या प्राचीन संस्कृत नाटकात, तेही एका दुय्यम पात्राच्या तोंडी, हा विचार यावा याचे मला नेहमी नवल वाटते. आजचा कोणताही चित्रकार जाहिरात संस्थेत नोकरीला लागला की हेच म्हणतो.

पण संवाहकाचे दुःख खरे असले तरी त्यातला तर्क मात्र तपासून घेतला पाहिजे. कला पोटासाठी वापरली की ती खालावते, हे आपण फार सहज गृहीत धरतो. वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तिच्यात गीत, वाद्य आणि नृत्य यांच्या पाठोपाठ आलेख्य म्हणजे चित्रकला येते, आणि त्याच यादीत पुढे उत्सादन, संवाहन आणि केशमर्दन यांतले कौशल्यही येते. टीकाकार यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली, तशीच मर्दनाची फोडही केली: पायांनी करतात ते उत्सादन, हातांनी डोक्याला तेल चोळतात ते केशमर्दन, उरलेल्या अंगाचे ते संवाहन. एकाच पंगतीत बसलेल्या या दोन कलांपैकी एकीला आपण दिवाणखान्याच्या भिंतीवर मान दिला आणि दुसरीला मागील दाराने आत घेतले. याचे कारण कलेत शोधून सापडणार नाही. ते स्पर्शाविषयीच्या आपल्या जातीय संकोचात आहे. दुसऱ्याच्या अंगाला हात लावून जगणारा तो हलका, आणि जो लांबून पाहतो तो रसिक!

सेना न्हाव्याची कथा या संकोचावर अचूक बोट ठेवते. सेनाजी कोणत्या राजाच्या पदरी होते याविषयी परंपरा वेगवेगळ्या आहेत. कोणी बेदर म्हणतात, कोणी बांधवगड. महिपतीच्या 'भक्तिविजया'त ती कथा आली आहे. सेना पूजेत गढलेले असताना राजाचे बोलावणे येते आणि विठ्ठल स्वतः धोकटी घेऊन जातो, राजाची हजामत करतो, त्याला तेल चोळतो. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसते. (तैलचित्राचा हा बहुधा पहिला मराठी उल्लेख, असे थट्टेने म्हणता येईल.) देवाने उचलले ते काम अंगमर्दनाचे आहे आणि दर्शनही त्याच वाटीत घडले आहे, ही गोष्ट कीर्तनकारांच्या तोंडून ऐकत आपण तीनशे वर्षे माना डोलविल्या, आणि घरी परतल्यावर मालिशवाल्याला उंबऱ्याबाहेर उभे केले.

येथे कोणी गीतेतल्या स्वधर्माचा दाखला देईल. आपल्याकडे तो बहुधा 'आहे तेथेच राहा' या अर्थाने दिला जातो. सेना त्या व्यवसायात जन्मले होते. शूद्रकाचा संवाहक त्यात हौसेने शिरला होता. माझे परिचित त्यात परिस्थितीच्या धक्क्याने आले. तिघांच्याही हाताला तेच काम लागले. मग स्वधर्म कोणाचा, आणि तो जन्माने ठरला की कामाने? मला तर असे दिसते की स्वधर्म हा शब्द मार्ग सुरू होताना फारसा उपयोगी पडत नाही. पुष्कळ चालून झाल्यावर, मागे वळून पाहताना त्याला थोडा अर्थ येतो.

दुसऱ्या बाजूला आजकाल उलटा उपदेश फार ऐकू येतो: जे आवडते तेच करा, बाकी सारे सोडा. तरुण पिढीला तो गोड वाटतो. त्याचे आद्य दैवत म्हणून पॉल गोगँचे नाव घेतात. पॅरिसच्या शेअरबाजारातली नोकरी १८८२ च्या मंदीनंतर सुटली, त्याने चित्रकलेला वाहून घेतले, आणि १८९१ मध्ये तो ताहितीला निघून गेला. चित्रे थोर आहेत यात शंका नाही. परंतु त्याची पत्नी मेट पाच मुलांना घेऊन कोपनहेगनमध्ये फ्रेंचच्या शिकवण्या करून घर चालवीत होती, हेही त्या चरित्राचेच पान आहे. चित्र मोठे झाले म्हणजे शिकवण्यांचे ते दिवस आपोआप फिटतात, हे मला पटत नाही. कलेसाठी किंमत मोजावी लागते असे म्हणताना ती कोणी मोजली हे आपण क्वचितच विचारतो.

याच्या उलट बडोद्याकडे पाहावे. भूपेन खख्खर सनदी लेखापाल होते. १९६२ साली ते मुंबईहून बडोद्यास आले, तेथील ललितकला विद्याशाखेत कलासमीक्षा शिकले आणि पुढे अनेक वर्षे अर्धवेळ हिशेब तपासून उरलेल्या वेळात चित्रे काढीत राहिले. न्हावी, शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी माणसे त्यांच्या चित्रांत आली. हिशेबाच्या टेबलामुळे त्यांची चित्रकला आटली असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट, छोट्या धंद्याच्या माणसाची एकाकी बैठक त्यांना एवढी दिसली, त्यात त्या नोकरीचाही वाटा असावा. आमच्या इंदूरच्या देवळालीकर मास्तरांचे शिष्य नारायण श्रीधर बेंद्रे १९५० पासून याच विद्याशाखेत होते, आणि पंढरपुरात जन्मून इंदुरात वाढलेल्या हुसेनांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले होते. ज्या फलकांनी हुसेनांचा हात मोकळा केला, तेच फलक माझ्या परिचितांच्या हातून निसटले. यात दोघांच्या गुणांपेक्षा काळाचा भाग किती, हे ठरविणे कठीण आहे.

म्हणूनच, मालिश करता करता त्यांची चित्रे समृद्ध झाली असे म्हणून हा हिशेब मिटविण्याची माझी तयारी नाही. समृद्ध झाली, हे खरे. पाठीचा कणा कसा एका बाजूला कलतो, दुखऱ्या खांद्याने मान कशी आखडते, हे त्यांच्याइतके इंदुरात फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असेल. पण वयाच्या अठराव्या वर्षी चांगल्या गुरूजवळ पाच वर्षे बसायला मिळाली असती, तर त्यांचा रंग आज जितका कच्चा आहे तितका राहिला नसता. त्यांनाही ते कळते. चांगल्या माणसाच्या बाबतीत झालेले नुकसान तत्त्वज्ञानाने झाकणे हा एक सोयीस्कर निर्दयपणा आहे.

मग वळणावळणाच्या वाटेने माणसाला मिळते काय? याचे उत्तर मला पुन्हा संवाहकापाशीच सापडते. आठव्या अंकात शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि ती मेली असे समजून तिला सुकल्या पानांखाली झाकून निघून जातो. भिक्षू झालेला संवाहक आपले धुतलेले वस्त्र वाळत घालायला तेथे येतो, पानांखालून हात हलताना पाहतो, तो ओळखतो. हात ओळखणे हा त्याचा जुना धंदाच! तो ओले वस्त्र पिळून तिच्यावर पाणी शिंपडतो, त्याच वस्त्राने वारा घालतो. तिला उभे करण्याची वेळ येते तेव्हा अडचण उभी राहते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगाला हात लावून पोट भरले, त्याला आता व्रतामुळे स्त्रीला स्पर्श करता येत नाही. तो जवळच्या झाडावरची वेल खाली वाकवितो आणि म्हणतो, हिला धरून उठा.

एवढी एक कृती लिहिताना शूद्रकाच्या मनात काय होते हे सांगता येणार नाही. मला मात्र तिच्यात संवाहकाचे सगळे पूर्वायुष्य दिसते. कोसळलेल्या देहाला किती आधार लागतो, तो कोणत्या उंचीवर मिळाला पाहिजे, हे चेपणाऱ्या हातालाच कळते. तो हात स्वतः मागे घेऊन वेल पुढे करणे भिक्षूला जमले. केवळ संवाहक असता तर त्याने हात धरला असता, आणि नुसता भिक्षू असता तर कदाचित आसपास मदतीला कोणी आहे का ते पाहत बसला असता. पूर्वी याच वसंतसेनेच्या उपकाराची फेड म्हणून त्याने आपली कला तिच्या दासीला शिकविण्याची तयारी दाखविली होती, आणि ज्याच्यासाठी शिकलास त्याचीच सेवा कर, असे सांगून तिने ती नाकारली होती. नाकारलेली ती विद्या अशा रूपाने तिच्याकडे परत आली.

माझ्या परिचितांच्या मुलीचा प्रश्न गेल्या वर्षी उभा राहिला. बारावी झाली आणि तिने बडोद्याला चित्रकला शिकण्याचा हट्ट धरला. नातलगांची बैठक बसली. एका काकांनी खख्खरांचा दाखला देऊन आधी सी. ए. व्हावे असे सुचविले. दाखला बरोबर होता, निष्कर्ष काकांच्या सोयीचा. आजीने रडून पाहिले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले की फी माझ्या हातांतून जाणार आहे, तेव्हा हातांना विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी दोन घरे जास्त धरली.

ती आता बडोद्यास आहे. सुटीत आली म्हणजे आजीचे गुडघे चोळते. हात अजून कच्चा आहे, अंगठा घाई करतो, असे तिचे वडील म्हणतात.