सप्तमातील मंगळ आणि शिलोहाचा बुरूज

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण विधवा कचेरीत आली आणि तिने घडी घातलेला एक कागद आमच्यापुढे ठेवला. ती तिची जन्मपत्रिका होती. तिचा पती दोन वर्षांपूर्वी सायन-पनवेल महामार्गावर अपघातात गेला. त्यानंतर सासूबाईंनी, प्रसूतिगृहाच्या जुन्या कार्डावरची जन्मवेळ देऊन, ही पत्रिका मांडून घेतली होती. सप्तमात मंगळ, लग्नी शनी, दोघे समोरासमोर. शनि-मंगळ प्रतियोग, तोही पतिस्थानावर. "फादर, माझ्यामुळे गेले का हो ते?" एवढेच तिने विचारले. (हे बोलणे प्रायश्चित्त संस्कारातील नव्हे, आणि तिच्या अनुमतीनेच आम्ही ते येथे मांडीत आहोत.)

'आपल्या लोकांत असले काही नसते' असे म्हणण्याची आम्हांला सोय नाही. सिडकोच्या इमारतींत एकाच जिन्यावर वसईकर, गोवेकर, घाटावरचे आणि केरळीय राहतात. दुःखाच्या वेळी जो तो आपल्याजवळचे औषध शेजाऱ्याला देतो. त्यासाठी शेजाऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. पोप आठवे अर्बन ह्यांनी १६३१ साली फलज्योतिषाविरुद्ध कडक फर्मान काढले. पण त्याच पोपमहाशयांनी १६२८ साली, ग्रहणामुळे आपला अंत ओढवेल ह्या धास्तीने, काम्पानेल्ला ह्या दोमिनिकन संन्याशाकडून बंद दालनात ग्रहपीडा टाळण्याचा विधी करविला होता. तेव्हा वाशी-नेरूळच्या एका शोकग्रस्त आईला आम्ही काय बोलावे?

कुमारवयात शेजारच्या जोशीबुवांच्या ओसरीवर बसून जे कानांवर पडले, तेवढेच आमचे ह्या विषयातील ज्ञान. पण पत्रिका पाहता एक गोष्ट ध्यानात आली. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या वा बाराव्या स्थानी मंगळ असला की दोष धरतात. बारांपैकी पाच स्थाने! मंगळ सर्वत्र सारखाच विखुरला असे मानले, तर दर बारा माणसांत पाच जण मंगळाचे ठरावे. एवढ्या जणांची लग्ने अडून चालणार नाही, म्हणून मग परिहार येतात: मंगळ स्वराशीत असला, उच्चीचा असला, गुरूची दृष्टी असली, तर दोष निवळतो. हिच्या पत्रिकेत गुरू लाभस्थानी होता आणि त्याची नववी दृष्टी नेमकी त्या मंगळावर पडत होती. पती हयात असता तर ह्याच कागदावरून 'गुरूने सांभाळले' असे वाचता आले असते. मृत्यू आधी झाला आणि वाचन नंतर; गुरूकडे मग कोण बघतो?

संत ऑगस्टिन तरुणपणी स्वतःच ज्योतिषाच्या नादी लागले होते. आपल्या 'कन्फेशन्स' ह्या ग्रंथात ते फर्मिनस नावाच्या मित्राची हकिकत देतात. तो जन्मला त्याच क्षणी एका दासीच्या पोटी दुसरे मूल जन्मले. दोघांची ग्रहस्थिती एकच, पण एक प्रतिष्ठेने वाढला आणि दुसरा गुलामच राहिला. दोघांचे भविष्य खरे सांगायचे तर एकाच पत्रिकेतून दोन भिन्न गोष्टी वाचाव्या लागतील. म्हणजे खरेपणा पत्रिकेतून आलेला नव्हे. आपल्या महाराष्ट्रात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच शंका प्रयोगाने तपासली. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुले अशा दोन गटांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे पाठविणाऱ्या २७ जणांची अचूकता सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास भरली. नाणे उडवले असते तरी पन्नास येते.

हे सारे आम्ही तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण फादर, मातीच्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता, देवाची इच्छा होती म्हणून. मग सासूबाई वेगळे काय म्हणतात?"

आम्ही निरुत्तर झालो. ईश्वर अनिष्ट इच्छीत नाही, ते घडू देतो, हा संत थॉमस अक्वायनस ह्यांचा भेद आम्ही सेमिनरीत घोकला, परीक्षेत लिहिला. आणि कबरीच्या काठावर मात्र जे तोंडी बसले होते तेच बोलून मोकळे झालो. तिला रित्या हाताने परत पाठवू नये, एवढाच तेव्हा हेतू. पण तिच्या घरात दोन वर्षे ते शब्द शनीच्या दृष्टीशेजारी जाऊन बसले होते आणि दोन्हींचा अर्थ तिने एकच लावला होता: कोणीतरी वरून ठरविले, आणि ते माझ्या वाट्याला ठरविले.

शिवाय ती पत्रिकेला का धरून होती, तेही आम्हांला हळूहळू उमगले. अपराधाला निदान आकार असतो. 'माझ्यामुळे गेले' हे भयंकर असले तरी त्याला कारण आहे. ओल्या रस्त्यावर एक ट्रक घसरला आणि त्या क्षणी ते तेथे होते, ह्याला काहीच आकार नाही. माणूस निरर्थकतेपेक्षा दोष पत्करतो. जवळची माणसे तो दोष उचलून त्याच्या हाती देतात, आणि त्यातही बहुधा सुनेच्याच.

संत लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख येतो. ती इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी होती काय, असे प्रभू विचारतात आणि स्वतःच 'नाही' म्हणून सांगतात. ऐकणाऱ्यांना ते पश्चात्तापाची हाक देतात. मेलेल्यांच्या हिशेबाची वही मात्र मिटून टाकतात. बुरूज का पडला, हे ते सांगत नाहीत. इतकी वर्षे ह्या उताऱ्यावर प्रवचने करूनही हे न सांगणे आमच्या कधी नजरेत भरले नव्हते.

तिला आम्ही म्हणालो, "बाई, त्या दिवशी आम्ही चुकीचे बोललो. ते का गेले, हे आम्हांला ठाऊक नाही. तुझ्यामुळे गेले नाहीत." ती रडली, बऱ्याच वेळाने उठली. सासूबाईंना एकदा घेऊन ये, असे आम्ही सुचविले; त्या अद्याप आलेल्या नाहीत. कागद ती टेबलावरच ठेवून गेली. तो आमच्या खणात आहे. तिने परत मागितलेला नाही, आणि आम्हीही तो फाडलेला नाही.