‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

ऐरोलीच्या बाजूने ठाण्याच्या खाडीवर पक्षी मोजायला जाणाऱ्यांत मी वयाने सर्वांत मोठी. उमेदीची वर्षं न्यायशास्त्राचा तर्कसंग्रह शिकवण्यात गेली. दुर्बीण हाती आली ती निवृत्तीनंतर. मोजणीच्या तक्त्यात रोहित पक्षी दिसले नाहीत तर शून्य लिहायचं, आणि गेलोच नसलो तर चौकोन रिकामा ठेवायचा. नवी मुलं दोन्ही एकच समजतात. मग माझ्यातली मास्तरीण जागी होते आणि वर्गातला जुना प्रश्न विचारते.

जमिनीवर घडा नाही, हे कशाने कळतं? नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच. त्यासाठी वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, कशाला? मीमांसक कुमारिलभट्टांचे अनुयायी विचारतात, जे नाहीच त्याच्याशी डोळ्याचा संबंध येणार कसा? म्हणून अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे त्यांचं सहावं प्रमाण. एवढं भांडूनही एका अटीवर दोघांचं एकमत आहे: घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

खाडीवर ही अट पाळणं कठीण. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित त्यावर चरतात. भरतीला तो बुडतो आणि त्यांचे थवे नवी मुंबईच्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. त्या वेळी खाडीकाठी लिहिलेलं शून्य खोटं नसतं, पण खाडीत रोहित येत नाहीत हे त्याने सिद्ध होत नाही. म्हणून मी आधी तिथी बघते. मुंबईत तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. पाण्यातला प्राणवायू मोजतानाही वेळ पाहावी लागते. दुपारच्या उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, तेव्हा मीटरवर आकडा बरा दिसतो. तूट पडते ती पहाटेआधी, आपण झोपेत असताना.

आमच्या होडीवरचे कोळीदादा ही अट न शिकता पाळतात. कुठल्या पाण्याला, कुठे जाळं टाकायचं ते जाणतात; मोठ्या आसाच्या जाळ्यात बारीक मासळी आली नाही, तर ‘नाही’ म्हणत नाहीत. त्यांचं रिकामं जाळं मला माझ्या दुर्बिणीपेक्षा विश्वासाचं वाटतं.

हा नुसता शास्त्रार्थ नव्हे. खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण भरतीला पक्षी जिथे टेकतात, त्यांतल्या कितीतरी पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे भराव घालायचा असेल तर एकच वाक्य पुरतं: इथे काही नाही. ते म्हणणाऱ्याला मी विचारीन, कोणत्या तिथीला गेला होतात?

नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात हीच अट ईश्वरासाठी वापरली. ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नाही, तेव्हा दिसत नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. नास्तिकाला हे पटो न पटो, तो निदान अडतो. खाडीतला किडा, मासा, पक्षी मात्र दिसण्याजोगे आहेत. इथे उणीव पाहणाऱ्याची असते, आणि योग्य वेळी, पुन्हा पुन्हा जाऊन ती भरून काढता येते. ईश्वराविषयी मौन राखलं तर चालेल. खाडीविषयी न पाहता ‘नाही’ म्हणणं मला अधर्म वाटतो.