नाथांची कावड आणि आमची बादली

कीर्तनकाराने मासिकातून स्वतःची चूक सांगावी असा काही रिवाज नाही. पण ती सांगितल्यावाचून पुढचे बोलणे खरे व्हायचे नाही, म्हणून आरंभी तीच सांगतो.

सन 2013 च्या चैत्रात जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील एका गावी हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. 2012 चा पावसाळा कोरडाच गेलेला. वाटेने मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या होत्या. कित्येकांनी कुऱ्हाड लावून त्यांचे सरपण केले होते. 1972 पाहिलेले म्हातारे म्हणत, "तवा खायाला नव्हतं महाराज, पर प्यायला तरी व्हतं." आमचा मुक्काम एका वृद्ध माउलीकडे होता. भर उन्हात पोचलो, अंग धुळीने भरलेले. माउलीने मोरीत बादली भरून ठेवली आणि म्हणाली, "न्हाऊन घ्या महाराज, पाणी हाय." आम्ही यथेच्छ स्नान केले, धोतर पिळले, उरलेले चार तांबे अंगणात शिंपडून दिले.

रात्री आख्यान लावले नाथमहाराजांचे. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ, तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव, आणि एवढ्या दुरून वाहून आणलेली ती गंगा त्याच्या मुखात रिकामी करून "माझा रामेश्वर इथेच पावला" म्हणणारी ती माउली! पैठण तिथून फार लांब नाही, नाथ त्या लोकांच्या घरचेच. मंडळी गहिवरली. आम्हालाही वाटले, सेवा चांगली झाली.

सकाळी दावणीची शेळी एकसारखी ओरडू लागली. शेजारची पोर येऊन विचारते, "आजी, टँकर आज बी न्हाई. हिला काय पाजू?" माउलीने तिला डोळ्यांनीच दटावले. ती बादली म्हणजे त्या घराचे दोन दिवसांचे पाणी होते. गाढवाच्या वाटणीचे पाणी अंगावर घेऊन आम्ही गाढवाची कथा सांगितली होती!

तेव्हापासून भूतदया या शब्दाचा अर्थ आम्ही निराळा लावतो. गळ्यात तुळशीची माळ आहे, मांसाहार वर्ज्य आहे, मुंगीवर पाय पडू देत नाही, हे सगळे ठीक. पण आपण गरजेपेक्षा जास्त घेतो ते कोणाच्या तरी वाट्याचे असते, आणि तो कोणीतरी बहुधा मुका असतो. आता जाऊ तिथे आम्ही अर्धीच बादली मागतो, तीही झाडाच्या आळ्यात उभे राहून घेतो. यजमानांना प्रथम संकोच वाटतो, मग हसतात.

बोअरचेही तसेच. शेजाऱ्याची विहीर आटली की आपण आणखी खोल जातो. आपले पाणी लागते, त्याचे तुटते. देवळात दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि घरी जाऊन मोटार सुरू करतात. हे कोणत्या पोथीत बसते, सांगा बरे!

उलट जालना तालुक्यातील कडवंची पाहा. 1996 पासून काही वर्षे तेथील गावकऱ्यांनी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविले, शेतोशेती बांधबंदिस्ती केली. 2012 च्या दुष्काळातही तेथील द्राक्षबागा तगल्या. यात आम्हाला दिसते ती एक गोष्ट: वरच्याने आपल्या शिवारात पाणी जिरवले तर खालच्याच्या विहिरीला पाझर येतो. आपले राखले की दुसऱ्याचे आपोआप राखले जाते. (विहिरीचे पाणी उपसून शेततळ्यात साठवतात, ते मात्र आम्हाला तितकेसे पटत नाही. उघड्यावरचे पाणी आधी सूर्यनारायण पितो, मग पीक.)

आता आपल्या सप्ताहांविषयी. काल्याच्या दिवशी पंगत उठली की मागे काय राहते, ते मंडप सोडायला आलेल्या पोरांना विचारा. अर्धवट टाकलेली बुंदी, थर्माकोलच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले. सरकारने 2018 साली त्यांवर बंदी घातली, तरी पंगतीत ते दिसतातच. उष्ट्याच्या वासाने गाय येते, प्लास्टिकसकट खाते आणि पोट फुगून मरते. गोमातेची आरती आपणच म्हणायची आणि तिला हा प्रसादही आपणच वाढायचा? पूर्वी बाया पळसाची पाने चोयांनी टाचून पत्रावळी करीत. उन्हाळ्याच्या बैठ्या दिवसांत मजुरी मिळे, आणि गुराने ती पत्रावळ खाल्ली तरी बाधत नसे. पळस अजून संपलेला नाही, टाचणारे हातही आहेत. पाण्याला ज्याने त्याने आपला तांब्या आणावा. दिंडीत आणतोच की! वाढप्यांना सांगावे, मागेल तेवढेच वाढा.

पुढच्या चैत्रात त्याच गावी पुन्हा गेलो. दावण रिकामी दिसली. विचारले तेव्हा माउली "इकली" एवढेच म्हणाली आणि चहा ठेवायला आत वळली. त्या खेपेस काल्याच्या वर्गणीतून तिला पाट देण्याचे मंडळींनी ठरविले. ती दोन गाभण शेळ्यांपैकी धाकटी घेईन म्हणाली. मोठी शेजारणीला द्या, तिच्या घरी लेकरू आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!