निवड आणि क्रम

रायगड जिल्ह्यात मुलींच्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धांचा विषय निघाला, की आक्षेप ठरलेला असतो: कबड्डीच्या मातीत हा परका खेळ कशाला? पेण-रोह्याकडे तर हा प्रश्न विचारला जात नाही, निकालासारखा सुनावला जातो. आक्षेप घेणाऱ्यांच्या कबड्डीप्रेमाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या युक्तिवादाबद्दल.

मातीतला खेळ म्हणजे नेमके काय? हुतूतूची कबड्डी झाली ती नियम बांधून, मैदान आखून, संघटना उभारून. हे काम विसाव्या शतकातले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचे प्रात्यक्षिक घडवले, तेही आपणहून घेतलेल्या कष्टांमुळे. सॉफ्टबॉल १८८७ मध्ये शिकागोत जन्मला, तोही चक्क एका बंदिस्त सभागृहात. दोन्ही खेळ माणसांनी घडवले. मातीने आपोआप एकही दिला नाही.

शिवाय आपलेपणा कोणाच्या वाट्याला किती आला, हेही पाहावे लागते. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी दाखल झाली, ती पुरुषांची. त्याच स्पर्धेत सॉफ्टबॉल दाखल झाला, तो महिलांचा. महिलांच्या कबड्डीला २०१० च्या ग्वांगझूपर्यंत थांबावे लागले. मधल्या वीस वर्षांत आपल्या मुली कबड्डी खेळत नव्हत्या असे नाही, उत्तम खेळत होत्या. पण खेळ आपला असला म्हणजे त्यात मुलींची जागाही आपोआप असते, हे गृहीतक त्या वीस वर्षांनी खोटे ठरवले आहे. जो युक्तिवाद एवढे साधे वास्तव पचवू शकत नाही, त्याच्या आधारे कोणत्याही मुलीच्या हातातली बॅट काढून घेऊ नये.

सॉफ्टबॉलचे समर्थक सवलतीचे गुण आणि प्रमाणपत्रे पुढे करतात. ती सोय झाली, खेळाची बाजू नव्हे. २०२८ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये परततो आहे, या बातमीनेही पेणच्या प्रथम वर्षातल्या विद्यार्थिनीचे फारसे काही बदलत नाही.

खरी बाजू खेळाच्या रचनेत आहे. कबड्डीत चढाईला कोणी जायचे हे संघ ठरवतो. एखादी खेळाडू अख्खा सामना चढाईविना काढू शकते. क्रिकेटमध्ये अकराव्या क्रमांकाची फलंदाज अनेकदा पॅडही बांधत नाही. सॉफ्टबॉलचे सात डाव असतात आणि दर डावात तिघी बाद व्हाव्या लागतात. नंतर फलंदाजी करणारा संघ आघाडीवर असेल तर त्याचा शेवटचा डाव होत नाही. तरी सहा डावांत अठरा जणी बाद होतातच. फलंदाजीचा क्रम नऊ जणींचा, तो संपला की पुन्हा पहिलीपासून. म्हणजे सातव्या डावापर्यंत गेलेल्या सामन्यात क्रमातली प्रत्येक जागा किमान दोनदा होम प्लेटपाशी येते. एखाद्या खेळाडूऐवजी दुसरीने फलंदाजी करण्याची मुभा नियमांत आहे, आणि पिचर सामन्यावर हुकूमत गाजवते हेही खरे. पण बाकीच्या आठ जणींना लपायला जागा नाही, आणि त्यांना लपवायलाही.

माझ्या मते निवड आणि क्रम यांतला फरक इथे आहे. निवड गुणाला मिळते. क्रम असण्याला मिळतो. निवडीला आधी सिद्ध व्हावे लागते, तर क्रमात उभे राहूनच सिद्ध होता येते. रोहा-दिवा गाडीची आणि गावाकडच्या शेवटच्या एसटीची वेळ सांभाळत शिकणाऱ्या मुलींच्या आयुष्यात निवडीचे प्रसंग पुष्कळ येतात: घरातून कोणाला पुढे शिकवायचे, कोणाला परगावी पाठवायचे. न मागता, न झगडता येणारा क्रम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

म्हणून माझी तक्रार सॉफ्टबॉलविषयी नसून बाद पद्धतीच्या अजिंक्यपद स्पर्धेविषयी आहे. आठ संघ आले तर चार संघ एका सामन्यानंतर घरी जातात. खेळाने दिलेला क्रम स्पर्धेची रचना काढून घेते. शेवटी उरतो एक चषक आणि एक छायाचित्र. कौशल्य मोजण्यासाठी अशी स्पर्धा हवीच, पण ती कौशल्य घडवत नाही. ते घडते वारंवार फलंदाजीला येण्याने.

पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय आणि रोह्याचे डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालय एकाच मुंबई विद्यापीठाचे. दोन्ही गावे एकाच रेल्वेमार्गावर. अशा महाविद्यालयांनी सत्रभर, एकदा इथे आणि एकदा तिथे, परस्परांशी साखळी सामने खेळावेत. वेळापत्रकात मैदानाचा तास शेवटच्या गाडीच्या कितीतरी आधी ठेवावा. वर्षाअखेरीस अहवालात चषकांबरोबर आणखी एक आकडा द्यावा: किती मुली किती वेळा फलंदाजीला आल्या. खेळ कबड्डीचा की सॉफ्टबॉलचा, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा. त्या आकड्यापुढे खेळाच्या जन्मगावाची चौकशी मला गौण वाटते.