उपेक्षेची दृष्टि

संस्कृतांतील ‘ईक्ष्’ या धातूचा अर्थ पाहणें. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा हे आपल्या नित्याच्या व्यवहारांतील शब्द त्यापासूनच झाले आहेत. ‘उपेक्षा’ हीहि याच कुळांतली, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

उपेक्षा म्हणजे न पाहणें, अशी सामान्य समजूत आहे. शब्दाची साक्ष निराळी आहे. चित्त अन्यत्र गुंतलें म्हणजे दुर्लक्ष होतें. पाहावयाचें नाहीं असें ठरवून डोळे मिटले म्हणजे ती डोळेझाक. उपेक्षेंत डोळे उघडे असतात. मनुष्य पाहतो आणि स्वस्थ राहतो. दुर्लक्ष करणारास ‘ठाऊक नव्हतें’ असें म्हणतां येतें. उपेक्षा करणारास ती सबब उरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आपल्या शास्त्रांत उपेक्षा हा गुणच मानला आहे. खरें आहे. बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत तिला स्थान आहे, आणि पतंजलींनींहि योगसूत्रांच्या पहिल्या पादांत ती चित्तप्रसादाचें साधन म्हणून सांगितली आहे. परंतु पतंजलींनीं केलेली वांटणी पाहावी: सुखी जनांविषयीं मैत्री, दुःखितांविषयीं करुणा, पुण्यवंतांविषयीं मुदिता, आणि उपेक्षा ती पापाविषयीं. दुःखिताच्या वांट्याची करुणा हिरावून त्याच्या पदरीं उपेक्षा टाकावी, असें कोणतेंहि शास्त्र सांगत नाहीं.

१९४३ सालीं बंगालमध्यें नेमकें हेंच घडलें. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसें अन्नावांचून मरत होतीं. २२ ऑगस्टला ‘स्टेट्समन’ पत्रानें त्यांचीं छायाचित्रेंहि छापलीं. तें कोणी पाहिलें नाहीं असें कसें म्हणावें? तथापि सरकारनें दुष्काळसंहितेप्रमाणें दुष्काळ जाहीर केला नाहीं. केला असता तर साहाय्याचें बंधन अंगावर आलें असतें. चौकशी-आयोगानें १९४५ मध्यें मृतांचा आकडा सुमारें १५ लक्ष धरला. पुढील कांहीं अभ्यासकांनीं तो ३० लक्षांपर्यंत नेला आहे.

गणना, अहवाल, छायाचित्रें यांचा आपल्या युगास अभिमान वाटतो. निरीक्षण वाढलें म्हणजे उपेक्षा आपोआप घटेल, अशी आपली आशा असते. पण या दोघी एकाच दृष्टीच्या कन्या आहेत. जो अधिक पाहतो, त्याच्याच हातून अधिक उपेक्षा होऊं शकते. पाहणें हें एक ऋण आहे; तें कृतीनेंच फिटतें.